तारांचं वावर

सरकारला भविष्याची काळजी साधारण दहा वर्षांतून एकदा वाटते, आणि ती वाटायला नागपूरचा हिवाळा बरा पडतो. मे महिन्यात इथे बसून कोणाला पंचवीस वर्षे पुढचे दिसत नाही. पुढचा चौक दिसला तरी पुष्कळ. म्हणून देशातल्या मोठाल्या संशोधन केंद्रांचे पुढे काय करायचे हे ठरवणारी समिती डिसेंबर संपता संपता सिव्हिल लाइन्समधल्या एका विश्रामगृहावर येऊन उतरली, तेव्हा डॉ. उन्मेष गावंडे यांना नवल वाटले नाही. याआधीच्या समित्याही संत्र्यांच्याच दिवसांत आल्या होत्या, आणि संत्र्यांच्या पेट्या घेऊन व एकेक अहवाल ठेवून गेल्या होत्या. संत्री पंधरा दिवसांत संपली असतील. अहवाल अजून आहेत.

या वेळचे काम मात्र जरा वेगळे होते. कणांची टक्कर लावणारी यंत्रे, डोंगरांवरच्या दुर्बिणी, जमिनीखालची भुयारे, असे जे जे सरकारने आजवर मोठ्या हौसेने बांधले त्या सगळ्याचे समिती तीन ढीग करणार होती. पहिला ढीग राखायचा. दुसरा दुसऱ्या कशात तरी मिसळून टाकायचा. तिसऱ्याला 'बंद' म्हणणे समितीच्या जिवावर आले, म्हणून सल्लागार मंडळींनी त्याला 'सूर्यास्त' हे नाव सुचवले. नाव सगळ्यांना आवडले. सूर्यास्त म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळ होईल असे वाटते. पण समितीच्या सूर्यास्तानंतर सकाळ होत नाही, हे आधीच्या फेरीत मावळलेल्या एका संचालकांनी गावंडे सरांना कळवले होते. ते आता बंगळुरूला मुलाकडे असतात आणि सोसायटीच्या बागेचे काम बघतात.

गावंडे सर ज्या केंद्राचे प्रभारी होते त्याचे सरकारी नाव 'दीर्घतरंग आकाश संशोधन केंद्र'. पारशिवनी सोडून पुढे गेले की डाव्या हाताला लागते. आसपासच्या गावांत हे नाव कोणाला ठाऊक नाही. तिथे सगळे त्याला 'तारांचं वावर' म्हणतात, कारण दिसायला ते तसेच आहे: एवढे थोरले वावर, त्यात ओळीने सागाचे खांब आणि खांबांवरून ताणलेल्या तारा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, कोण्या मोठ्या कुटुंबाची कपडे वाळत घालायची सोय आहे आणि कुटुंब गावाला गेले आहे.

या तारा आकाश ऐकतात. आकाशातल्या पुष्कळ गोष्टी रेडिओसारखा आवाज करतात. त्यांतला एक, शर्मिष्ठा नावाच्या तारकासमूहातला तारा. तारा म्हणायचे ते जुन्या ओळखीपोटी; तो केव्हाच फुटला, आता नुसता धुरळा उरला आहे. हा धुरळा रोज उत्तरेकडून डोक्यावर येतो, तास-दोन तास सूं सूं करतो आणि कलतो. दरवर्षी त्याचा आवाज किंचित खाली येतो. किती खाली येतो ते मोजत राहणे, हे केंद्राचे काम. 'एका मेलेल्या ताऱ्याचे विझणे लिहून ठेवतो' असे गावंडे सरांनी कोणाला सांगितले, की ऐकणारा त्यांच्या तब्येतीची चौकशी करी.

हे सगळे उभे केले डॉ. शामला बक्षी यांनी. धरमपेठेत वाढलेली, परदेशात शिकलेली आणि पारशिवनीच्या बाजारात सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, भाव करताना दुकानदारालाही कधी सुचणार नाही असे नागपुरी बोलणारी बाई. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्या चार विद्यार्थी आणि एक सरकारी जीप घेऊन इथे आल्या, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी जीप फाटकाबाहेर काढायला लावली. कारण शर्मिष्ठेचा आवाज इतका बारीक, की जवळ फटफटीला लाथ मारली तरी तारा बुडून जातो. इंजिनातली ठिणगीसुद्धा रेडिओवर खरखरते. तेव्हा फाटकाच्या आत जायचे ते पायी, नाहीतर बैलगाडीने. बैलगाडी हे आकाशाच्या दृष्टीने अत्यंत शांत वाहन आहे. उन्मेष गावंडे एम.एस्सी. होऊन नोकरीला लागला तेव्हा त्याला वाटले होते की आपण विज्ञानाच्या अगदी टोकाशी जाऊन उभे राहणार. तिथे पोचल्यावर त्याच्या हातात पहिली वस्तू आली ती कासरा.

एकदा एक मंत्री आले. गाडी आत जाणार नाही म्हटल्यावर त्यांचा स्वीय सहायक तापला. बक्षी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेबांना दोनच मिनिटं चालावं लागेल, पण तारा काही साहेबांसाठी मागं वळून येणार नाही." मंत्री बैलगाडीत बसले. बसल्यावर त्यांना इतके बरे वाटले, की परतताना त्यांनी कासरा स्वतः घेतला, आणि त्या वर्षी केंद्राला न मागता नवीन खांब मिळाले.

पण मॅडमनी खरे जिंकले ते मंत्र्याला नाही, गावाला. आसपासच्या विहिरींवर विजेच्या मोटरी होत्या, आणि मोटर चालू झाली की तारा गेला. मॅडम घरोघर गेल्या. तारा डोक्यावर असेल तेवढा वेळ मोटर बंद ठेवा म्हणाल्या. त्याच्या बदल्यात द्यायला त्यांच्याजवळ काहीच नव्हते. म्हणून त्यांनी एकेकाला वावरात नेले आणि कानाला यंत्र लावून तारा ऐकवला. मीराबाई नावाच्या एका म्हातारीने तो बराच वेळ ऐकला आणि ती म्हणाली, "कढईत तेल तापून राहिलं वं माय. कोनी फोडनी तं टाका." त्यानंतर तो रिवाजच पडला. ओलिताचे दिवस असोत, पाण्याची पाळी असो, वीज येवो-जावो, माणूस मोटरीच्या बटणाला हात लावण्याआधी केंद्राच्या दिशेने ओरडून विचारी:

"आभाळ ऐकून झालं काय गाऽऽ?"

आणि वावरातून कोणीतरी उत्तर देई. झाले असले तर झाले म्हणून. नसले तर माणूस बांधावर बसून बिडी पेटवी. लग्नाच्या वरातीसुद्धा विचारून निघत. बँडला हरकत नव्हती, पण पेट्रोमॅक्सच्या जागी जनरेटर आल्यावर एका नवरदेवाला शर्मिष्ठा कलेपर्यंत वेशीवर उभे राहावे लागले होते. तो आता आजोबा झाला आहे आणि ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतो.

हे सगळे आता राहिले नाही. मॅडम निवृत्त होऊन पुण्याला लेकीकडे गेल्या आणि चार-पाच वर्षांमागे वारल्या. विहिरींवर सौर पंप आले, वेशीवर मोबाईलचा टॉवर आला, देवळावर दिव्यांच्या माळा आल्या. गावंडे सर कोणाकोणाला अडवणार? शांतता आक्रसत आक्रसत केंद्राच्या तारेच्या कुंपणापर्यंत आली. कुंपणाच्या आत मात्र ती होती. फाटक होते, बैलगाडी होती, आणि गाडी हाकायला, खांब बदलायला, फाटकावर बसायला नत्थूजी होते. तेही गावंडे सरांच्याच आगेमागे नोकरीला लागलेले. दोघे मिळून आता केंद्र म्हणावे एवढेच उरले होते.

समितीपुढे बोलायला गावंडे सरांना सात मिनिटे मिळाली. विश्रामगृहाच्या दालनात एसी चालू होता आणि बाहेर थंडी होती. त्यांनी ताऱ्याचा खाली खाली जाणारा आलेख पडद्यावर दाखवला. सल्लागारांपैकी एक बाई काळजीने म्हणाल्या, "हा आलेख वर नाही का नेता येणार?"

"तारा विझतोय, मॅडम."

"ते ठीक आहे. पण पुढच्या पंचवीस वर्षांत?"

"पुढच्या पंचवीस वर्षांत आणखी विझेल."

अध्यक्ष पुण्याचे एक निवृत्त शास्त्रज्ञ होते. त्यांनी चष्मा काढून विचारले, "गावंडे, सत्तेचाळीस साली तुमचं केंद्र तुम्हाला कुठे दिसतं?"

गावंडे सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "पारशिवनीलाच, सर."

कोणी हसले नाही. त्यांनीही विनोद केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी समिती पाहणीला आली. देशभराच्या दौऱ्यातले हे शेवटचे केंद्र होते, त्यामुळे सगळ्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेच्या शेवटच्या पेपरचा भाव होता. सोबत समितीचे सदस्य-सचिव प्रशिक मेश्राम होते, चाळिशीच्या आतले, दिल्लीहून आलेले, सगळ्यांशी हिंदीत बोलणारे आणि दर पाच मिनिटांनी मोबाईलमध्ये काहीतरी भरणारे. फाटकावर नत्थूजींनी त्यांच्यासमोर ॲल्युमिनियमचा झाकणाचा डबा धरला.

"मोबाईल, घड्याळ, गाडीची चाबी, सारं याच्यात टाका साहेब."

"चाबी क्यूं?"

"तिच्यात बटन असते. दाबलं का तारा बुजते, बैलावानी."

मेश्रामांनी गावंडे सरांकडे पाहिले. सर म्हणाले, "बरोबर आहे." डब्याचे झाकण लागले.

मग एक गंमत झाली. मोबाईल गेल्यावर समितीला काय करावे ते सुचेना, म्हणून ती इकडेतिकडे पाहू लागली. बैलगाडीत पाय खाली सोडून अध्यक्ष सबंध वावर हिंडले. खांबांना हात लावून पाहिला. मोहाच्या झाडाखाली नत्थूजींच्या घरच्यांनी गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे लावले होते, वांग्याची भाजी होती, वर तुपाची धार होती. दरवेळच्या समितीला हेच जेवण असे. मॅडमचा तसा दंडक होता. त्यांच्या मते रिकाम्या पोटी माणूस फक्त पुढच्या जेवणापर्यंतचे भविष्य पाहू शकतो. अध्यक्षांनी चौथा रोडगा फोडला आणि ते आपल्या लहानपणच्या चुलीबद्दल बोलू लागले. सल्लागार बाईंनी सतरंजीवर पाय लांब केले. "अशी एखादी जागा देशात राहिली पाहिजे," अध्यक्ष म्हणाले. दोघा सदस्यांनी माना हलवल्या. गावंडे सरांच्या छातीवरचे ओझे उतरले. पहिला ढीग नाही, तर गेलाबाजार दुसरा तरी.

समिती परत फाटकावर आली तेव्हा ऊन तिरपे झाले होते. अध्यक्ष गाडीत बसले आणि बसल्याबरोबर त्यांना झोप लागली. मेश्रामांनी डब्यातून मोबाईल घेतला, पाहिला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"सर, एक फोटो राहिला," ते त्यांच्या हिंदीत म्हणाले.

"कशाचा?"

"केंद्राचा. ॲपमध्ये टाकायचा असतो. प्रत्येक केंद्राच्या मधोमध उभं राहून, मीच काढायचा, तिथल्या तिथे. जुना फोटो घेत नाही, फाटकावरचा घेत नाही. मला वाटलं, जाता जाता काढू." त्यांनी पडदा दाखवला. नकाशावर लाल ठिपका होता, वावराच्या ऐन मध्यावर. "आज सहाला पोर्टल बंद होतं. मग सगळे गुण आपोआप जोडले जातात."

"आणि फोटो नसला तर?"

"तर पोर्टलच्या मते इथे काही नाही."

गावंडे सरांनी आकाशाकडे पाहिले. बघण्यासारखे तिथे काही नव्हते, नुसते निळे. पण शर्मिष्ठा नुकतीच वर यायला लागली होती, आणि ती कलायला सहाच्या पुढे वाजणार होते.

"एकच फोटो, सर. दोन मिनिटं."

"आत मोबाईल चालू करावा लागेल."

"अर्थात. नेटवर्क लागतं, ओटीपी येतो."

नत्थूजी कासरा धरून उभे होते. ते म्हणाले, "काहून थांबले? जायचं हाय का नाई?"

"चला," गावंडे सर म्हणाले. "पण मोबाईल डब्यात ठेवा. तिथवर डब्यात."

तिघे बैलगाडीने निघाले. मधोमध एक कौलारू खोली होती. आतल्या यंत्रावर कागदाची गुंडाळी सरकत होती आणि शाईची सुई तिच्यावर रेघ ओढत होती. संगणक स्वतःच आवाज करतो म्हणून मॅडमनी तो इथे कधी येऊ दिला नव्हता. रेघ हळूहळू चढत होती, चढणीला लागलेल्या माणसासारखी, श्वास घेत घेत. गावंडे सरांनी मेश्रामांच्या कानाला यंत्र लावले. मेश्राम ऐकत राहिले. मग ते बोलले, आणि हिंदीत नव्हे.

"हे तं मी ऐकलं आहे सर."

"कुठं?"

"इथंच. माझ्या मामाचं घर इथलंच, पलीकडच्या गावातलं. अंकुश खोब्रागडे. उन्हाळ्यात यायचो आम्ही. मोटर सुरू झाली का पायपाखाली अंघोळ करायची, आणि मामा मोटरच सुरू करे ना. आम्ही बोंबलून राहिलो, 'मामा, पाणी सोड नं गा!' तं म्हणे, 'आभाळ ऐकून होऊ दे.' मले वाटे मामा टाइमपास करून राहिला. मंग एक दिवस त्यानं इथं आणून ऐकवलं." ते हसले. "मी रडलो होतो म्हणे. मले वाटलं होतं गाणं असन."

नत्थूजींनी त्यांच्याकडे नीट पाहिले. "अंकुशचा भाचा का तू? अबे, मंग सकाळपासून हिंदीत काहून भुकून राहिला होता?"

"सवय लागली काका."

"बरं, मंग काढ फोटो. तुले मना नाई."

डबा खोलीच्या उंबऱ्यावर होता. मेश्रामांनी हात पुढे केला आणि तो तसाच धरून गावंडे सरांकडे पाहिले. प्रभारी ते होते.

गावंडे सरांना सगळे माहीत होते. त्यांना माहीत होते की दोन मिनिटांची खरखर रेघेतून सहज वजा करता येते. टॉवरचा त्रास ते रोज वजा करतच होते. त्यांना हेही माहीत होते की ही रेघ गेल्या कित्येक वर्षांत हॉलंडचा एक म्हातारा सोडला तर कोणी मागितलेली नाही, आणि त्यानेही आता पत्राला उत्तर देणे बंद केले आहे. विज्ञानाचे त्या दोन मिनिटांत काहीही बिघडणार नव्हते. केंद्राचे मात्र त्या दोन मिनिटांवाचून सगळे बिघडणार होते. एवढा सोपा हिशेब समितीलाही जमला असता.

पण त्यांच्या डोळ्यांपुढे बांधावर बिडी पेटवून बसलेली माणसे येत होती. रात्रीतून वीज जायची भीती, वाफ्यात अर्धवट पाणी, आणि तरी बटणावरचा हात मागे घेतलेली. त्यांना कोणी ओटीपी पाठवला नव्हता. वेशीवर ताटकळलेला तो नवरदेव. गाडीतून उतरलेला मंत्री. या सगळ्यांना आपण थांबा म्हणालो ते ताऱ्यासाठी म्हणालो, आणि त्यांनी ऐकले. आता आपली गरज आली तेव्हा आपण डबा उघडला, तर इतकी वर्षे त्या मोटरी उगाच बंद होत्या असे होईल. नुसते आपण सांगितले म्हणून.

"मेश्राम," ते म्हणाले, "आभाळ ऐकून होऊ द्या."

"सर, सहा वाजतील."

"वाजू द्या. मग काढा."

"मग उपयोग नाही सर त्याचा."

"माहीत आहे."

मेश्राम काहीतरी बोलणार होते. सरकारी माणसाला अशा वेळी सुचतात अशी सहा-सात वाक्ये त्यांच्या चेहऱ्यावरून गेली. मग ते उंबऱ्यावर डब्याशेजारी बसले. नत्थूजींनी खिशातून बिडीचे बंडल काढले आणि त्यांच्यापुढे केले. ते दिल्लीत ओढत नव्हते. इथे त्यांनी घेतली. सुई वर गेली, थोडी थांबल्यासारखी झाली आणि उतरणीला लागली. बाहेर खांबांच्या सावल्या लांब होत होत वावराबाहेर गेल्या आणि मग राहिल्याच नाहीत. तिघांपैकी कोणी घड्याळ पाहिले नाही. पाहायला ते नव्हतेच, डब्यात होते.

तारा कलल्यावर मेश्रामांनी मोबाईल चालू करून फोटो काढला. मागे पश्चिमेला लाली होती, तारांवर दोन बगळे होते. फोटो फार सुरेख आला. ॲपने तो घेतला नाही.

फाटकाबाहेर अध्यक्ष नुकतेच जागे झाले होते. "काय, मेश्राम, झालं सगळं?"

"हो सर," मेश्राम म्हणाले. "ऐकून झालं."

आराखडा होळीनंतर जाहीर झाला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर उगवता सूर्य. गावंडे सरांनी तो आधी पुढून चाळला, मग धीर करून मागून, म्हणजे सूर्यास्ताच्या बाजूने चाळला. तारांचं वावर पहिल्या ढिगात नव्हते, दुसऱ्यात नव्हते आणि तिसऱ्यातही नव्हते. देशाच्या नकाशात नागपूरवर एकही ठिपका नव्हता.

दोन दिवसांनी फाटकाच्या खोलीतला जुना फोन वाजला. हा फोन तारेचा असल्यामुळे आकाशाला चालत असे. पलीकडे मेश्राम होते.

"सर, पाहिला?"

"पाहिला. आम्ही कशात आहोत?"

"कशातच नाही. पोर्टलच्या मते तुम्ही नाहीच."

"म्हणजे बंद?"

"बंद कसं करतील सर? बंद कराले आधी असावं लागते. सूर्यास्ताचा आदेश निघतो तो पोर्टलच्या क्रमांकावर. तुम्हाले क्रमांकच नाही. वीज, पगार जुन्या खात्यातून जाऊन राहिले, ते कोणाच्या ध्यानात येईपर्यंत जात राहतील. पण एक सांगतो सर. पुरवणी यादी निघून राहिली. त्यात मी तुम्हाला घालू शकतो. अध्यक्ष सही करतील, त्यांना रोडगे अजून आठवतात."

"मग कोणता ढीग?"

मेश्राम खोटे बोलले नाहीत. "गुण पाहिले मी. तिसरा. पण तिसरा नीट असते सर. जागेवर एक छोटं संग्रहालय, मॅडमच्या नावाची पाटी, नत्थूजींना नागपुरात बदली. आणि सगळं आवरायला प्रभारी लागतो, म्हणून तुम्हाला दोन वर्षं वाढवून. नाहीतर तुम्ही जूनमध्ये निवृत्त, आणि नसलेल्या केंद्राले नवीन माणूस कोणी देत नाही."

गावंडे सरांनी खिडकीतून पाहिले. पाटी कुठे लागेल याचा अंदाज येत होता. फाटकाच्या उजव्या हाताला, जिथे डबा ठेवतात तिथे. संग्रहालयाला दिवे लागतील. शाळांच्या सहली बसने थेट आतपर्यंत येतील. मॅडमचा हसरा फोटो भिंतीवर, आणि खाली काचेत ती शाईची सुई, थांबलेली.

"नको, मेश्राम," ते म्हणाले. "राहू द्या तसंच."

"नक्की?"

"जूननंतरचं जूननंतर पाहू. एसटी निवृत्त माणसालाही पारशिवनीला उतरवते."

मेश्राम हसले. मग म्हणाले, "मे महिन्यात पोरांना घेऊन मामाकडे येणार आहे. मोबाईल डब्यात टाकीन," आणि फोन ठेवला.

नत्थूजी बैलाला पेंड घालत होते. त्यांनी मान वर न करता विचारले, "कोनाचा होता?"

"दिल्लीचा. अंकुशच्या भाच्याचा."

"काय म्हनते?"

"आपण नाही म्हणते. सरकारच्या लेखी हे केंद्र नाही, तुम्ही नाही, मी नाही."

नत्थूजींनी पेंडीचे हात धोतराला पुसले.

"बरं झालं," ते म्हणाले. "मंग तो कोपऱ्यातला खांब उद्याच बदलून घेऊ. वाळवीनं पार खाल्ला. असतो तं परवानगी मागा लागली असती."